पेचकसवाल्या बाई

आमच्या बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसे, पेचकस असे. त्या शाळेत रुजू झाल्या त्या दिवशी मुख्याध्यापक म्हणून मी त्यांना कपाट दाखवलं. आत देणगीत आलेले दहा टॅब होते. दोन वर्षं मी ते कुलपात जपले होते, कारण फुटले तर जबाबदारी माझी.

"किल्ली द्या सर," त्या म्हणाल्या.

पोरं फोडतील, असं मी म्हणालो.

"कपाटातला टॅब फुटत नाही सर. पण शिकवत बी नाही."

चार टॅब बंद होते. शाळा सुटेपर्यंत त्यांनी पेचकसाने स्क्रू काढून ते टेबलावर खोलले आणि तीन चालू करून दाखवले. पुसदला त्यांच्या वडिलांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. "अब्बा म्हणतात, गाडी बंद पडली तर आधी खोलून पाहा. भंगारात टाकायची घाई कायले?" पोरांनी त्याच आठवड्यात त्यांना पेचकसवाल्या बाई हे नाव दिलं.

'मठ्ठ' हा शब्द मात्र त्यांना अजिबात खपत नसे. आमची शाळा पांढरकवड्याच्या बाजूची, दोन शिक्षकी. निम्मी मुलं कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची, घरी कोलामी बोलणारी. तिसरीतली रमी त्यांतलीच. पहिलीपासून तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तिच्या प्रगतिपुस्तकात मी स्वतः लिहिलं होतं, 'बोलत नाही.' बाईंनी ते वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"बोलत नाही, का आपल्याले समजत नाही?"

मला राग आला. तीस वर्षांच्या नोकरीत मला असं कोणी विचारलं नव्हतं.

आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या मैनाबाई रमीच्याच पोडावरच्या. दुसऱ्या दिवशी बाई टॅब घेऊन चुलीजवळ जाऊन बसल्या. "मले तर वाचता येत नाही बाई," मैनाबाई लाजून म्हणाल्या. "वाचायचं मी पाहीन. तुम्ही फक्त बोला." एकेक चित्र दाखवत बाईंनी त्यांचा कोलामीतला आवाज टॅबमध्ये भरून घेतला आणि मागोमाग आपल्या आवाजात मराठी शब्द भरला. आठवडाभर हेच चाललं. एकदा खिचडी करपलीही.

मग एका सकाळी रमीच्या कानाला हेडफोन लागला. पोरगी दचकली. तिने टॅब उलटा करून मागे पाहिलं, मैनाबाई आत कशा शिरल्या म्हणून. आणि मग तिने त्या आवाजाला उत्तर दिलं. खणखणीत. सगळा वर्ग वळून तिच्याकडे पाहू लागला. मी दारातच उभा होतो. मला तिचा आवाज कसा आहे हेच माहीत नव्हतं.

त्यानंतर बाईंचा वर्ग वर्गासारखा दिसेनासा झाला. नजर अधू असलेला एक मुलगा बोटाएवढ्या अक्षरांतला धडा वाचायचा. गणितात पुढे असलेली एक मुलगी तिसरीत बसून पाचवीची उदाहरणं सोडवायची. मागे राहिलेले तिघे बेरजेच्याच खेळात महिना महिना रमायचे. गावात रेंज नव्हती, म्हणून बाई रविवारी टॅब पुसदला नेऊन सगळे धडे भरून आणायच्या. कोणतं मूल कुठे अडलं, हे रोज संध्याकाळी त्या टॅबमध्ये बघून वहीत टिपायच्या.

अशातच तपासणीला साहेब आले. "तिसरीचं पान कितवं सुरू आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं पान विचारता साहेब?"

साहेबांना ते उद्धट वाटलं. त्यांनी समोर बसलेल्या रमीला पुस्तकातलं चित्र दाखवून प्रश्न केला. रमीने कोलामीत उत्तर दिलं. साहेब नुसतेच पाहत राहिले. तिला वाटलं, यांना कळलं नाही. मग तिने एकेक शब्द तोडून मराठीत सांगितलं आणि आपुलकीने विचारलं, "पुन्हा सांगू का?"

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. पंधरा दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली. सर्व वर्गाला एकच पाठ न शिकवता मनमानी केली, सबब टॅब कार्यालयात जमा करावेत.

"माफी मागून मोकळ्या व्हा," मी म्हणालो. "प्रकरण मिटेल."

"माफी कोणाची मागू सर? रमीची मागायची तर मागतो, दोन वर्षं तिले गप्प बसवल्याबद्दल."

ती दोन वर्षं माझी होती.

त्यांचा खुलासा तीन ओळींचा होता. 'गणवेश देताना प्रत्येक मुलाचे माप घेतले जाते. शिकवताना मी माप घेतले, हा गुन्हा असेल तर तो मला मान्य आहे. टॅब मुलांच्या हातात आहेत, ते मी काढून घेणार नाही.'

"तुम्ही नुसतं पुढं पाठवा सर," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव कायले गुंतवता?" मी कागद पुढे ओढला. मग खाली 'सहमत' लिहिलं आणि सही केली.

टॅब न्यायला कोणी आलं नाही. पण उन्हाळ्यात बाईंची बदली झाली, वणीकडे, कोळशाच्या खाणींजवळच्या एका शाळेत. "तिकडंही पोरं असतीलच ना," एवढंच त्या म्हणाल्या. मैनाबाई रडल्या. रमी रडली नाही. बाईंच्या स्कुटीमागे ती नाल्यापर्यंत चालत गेली, त्यांच्याशी कोलामीत काहीतरी बोलत, आणि बाई मान डोलावत होत्या.

त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. दोन्ही वर्ग मीच घेतो. या वर्षी पहिलीला बंजारा तांड्यावरची एक मुलगी आलीय. घरी गोरबोलीच बोलतात, मराठीचा शब्द नाही. परवा टॅब घेऊन मी सलग तिसऱ्या दिवशी तांड्यावर गेलो, तिच्या आईच्या ओट्यावर बसलो आणि चित्रं दाखवायला लागलो. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. तांड्यावर रेंज चांगली आहे.

"गुरुजी, तुम्ही पुन्हा तेच सुरू केलं म्हणे?"

"हो साहेब."

"लेखी द्याल?"

"देतो," मी म्हणालो. फोन खिशात टाकला आणि त्या माउलीला म्हणालो, "हं, बोला आता."