मनुक्यांची बरणी

माझं मोखाड्यात किराण्याचं दुकान आहे, आणि गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला सल्ल्यांचा तुटवडा कधी नसतो. एरवी मी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतो. पण आमची मुलगी साडेतीन वर्षांची असताना बोलताना अडखळायला लागली आणि या सल्ल्यांनी माझ्या नाकात दम आणला.

पहिलाच शब्द अडकायचा. ‘म, म, म’ करत राहायची, मान ताठ व्हायची, डोळे गच्च मिटायचे. कधी कधी तोंड उघडं आणि आवाजच नाही. त्याआधी हीच पोरगी इतकी बडबड करायची की दुपारी दोन तास तरी झोप म्हणून तिची आई तिच्यापुढे हात जोडायची.

कुणी म्हणालं, वेखंड उगाळून मधातून चाटवा. चाटवलं. कुणी म्हणालं, तोंडात खडीसाखर धरून बोलायला लावा. एकदा लावलं, ती घशाशी गेली, आम्ही घाबरलो आणि कानाला खडा लावला. जव्हारहून सासूबाईंनी पोपटाने अर्धवट खाल्लेला पेरू पाठवला. पोपटाचं उष्टं खाल्लं की वाचा सुटते म्हणे. तो पेरू ओळखीच्या ड्रायव्हरकरवी, वर्तमानपत्रात गुंडाळून, प्रसादासारखा आला. मी तो चिडून मोरीत टाकला. बायकोने उचलला, धुतला आणि मुलीला भरवला. धुतल्यावर पोपटाचं काय उरलं असेल ते तिलाच माहीत, पण तो वाद मी घातला नाही.

आणि सगळ्यांत वैताग आणला तो लोकांच्या भाच्यांनी. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचा एक भाचा होता, तो पाच वर्षांपर्यंत तोतरा बोलायचा आणि आता वकील झाला होता. एकाही भाच्याने शिक्षक किंवा तलाठी व्हायचं मनावर घेतलं नव्हतं. ‘काळजी करू नका हो, आपोआप जातं,’ असं सांगून ही माणसं पावशेर साखर घेऊन निघून जात.

आपोआप जात नव्हतं, हे मला दिसत होतं. उलट दुसरंच काहीतरी होत होतं आणि त्याचीच मला भीती बसली होती. मुलगी बोलणंच सोडत चालली होती. पाणी हवं असेल तर माठाकडे बोट. बालवाडीत बाईंनी नाव विचारलं तर मान खाली. साडेचार वर्षांची होईपर्यंत दिवसाला चार वाक्यंही तिच्या तोंडून ऐकू येईनाशी झाली. येत्या जूनमध्ये शाळा होती. ही पोर अशीच गप्प गप्प होत जाईल आणि एक दिवस पूर्ण थांबेल, असं मला वाटायचं, आणि ते बायकोला सांगायची हिंमत नव्हती. तिलाही तेच वाटत होतं हे मला नंतर कळलं.

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात तिचे कान तपासून घेतले. डॉक्टर सज्जन होता. म्हणाला, ‘कान उत्तम आहेत, जीभ उत्तम आहे. हे काम स्पीच थेरपिस्टचं. नाशिकला जा.’

नाशिकला जायच्या आधी माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमच्याकडे बाजाराच्या दिवशी खोडाळ्याच्या बाजूने, आतल्या पाड्यांवरून माणसं येतात. त्यांची घरची बोली वेगळी. मराठी ते बोलतात, पण दुकानात उभं राहून बोलताना शब्द शोधत बोलतात. ‘सेठ, माला...’ एवढं म्हणून थांबतात. मागे रांग, रस्त्यावर जीपवाला हॉर्न मारतोय. माझ्या वडिलांनी मला दुकानावर बसवलं तेव्हा एकच धडा दिला होता: गिऱ्हाइकाचं वाक्य संपायच्या आत पुडी बांधून झाली पाहिजे. मी तो असा गिरवला की वडिलांच्याही पुढे गेलो. माणूस पायरी चढताना दिसला की माझा हात फळीकडे जातो. या काकांना तंबाखू, या बाईला मसूर, या आजीला लाल साबण. त्यांनी ‘माला’ म्हणावं आणि मी पुढ्यात वस्तू ठेवावी. सगळा मोखाडा माझं कौतुक करायचा, की याला माणसाच्या मनातलं कळतं. मलाही ते खरं वाटायचं.

मुलगीही संध्याकाळी घरातून मागच्या दाराने दुकानात यायची. काउंटरला नाक टेकवून म्हणायची, ‘बाबा, म, म, म...’ तिचे ते मिटलेले डोळे मला बघवायचे नाहीत. मी पटकन बरणी उघडून मूठभर मनुके तिच्या हातावर ठेवायचो. ती क्षणभर माझ्याकडे बघायची, मूठ मिटायची आणि जायची. बायको मात्र कुरकुर करायची. ‘अहो, ते मनुके देणं बंद करा. प्रत्येक फ्रॉकच्या खिशात चिकटून बसतात, धुताना जीव जातो.’ मी म्हणायचो, ‘जपून खाते पोरगी, पुरवून पुरवून. माझ्यावर गेलीये.’

तर आम्ही नाशिकला गेलो. सकाळची पहिली एसटी, मोखाडा ते त्र्यंबक रस्ता आणि मांडीवर वांत्या करणारी मुलगी. थेरपिस्ट बाई तिशीच्या आतल्याच होत्या. मला वाटलं होतं, जीभ बघतील, एखादं यंत्र लावतील, निदान घशात टॉर्च तरी मारतील. त्यांनी चटईवर भातुकली मांडली आणि म्हणाल्या, ‘तुम्ही तिघं खेळा, मी इथे बसते.’ आम्ही दोघं घोडे चटईवर बसून खोटा चहा पीत होतो आणि त्या कोपऱ्यात बसून वहीत काहीतरी लिहीत होत्या. अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, ‘तुमचं दुकान आहे का हो?’

मी चाट पडलो. म्हटलं, ‘हो, कसं ओळखलंत?’

‘ती शब्दाला हात घालते आणि तुम्ही वस्तू पुढे करता,’ त्या म्हणाल्या. ‘इतका वेळ खेळलात. तिला एकही वाक्य पूर्ण करायला मिळालेलं नाही. सगळी तुम्ही पूर्ण केलीत.’

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. अडखळणं कुणाच्या चुकीने सुरू होत नाही, तुमच्याही नाही. ते कदाचित कमी होईल, कदाचित थोडं राहील. पण ती बोलणं सोडतेय, ते आधी थांबवायचं. ‘हळू बोल’ म्हणायचं नाही. ‘श्वास घे’ म्हणायचं नाही. तिचा शब्द आपण बोलायचा नाही. आपण सावकाश बोलायचं, तिच्याकडे बघायचं आणि थांबायचं. कितीही वेळ लागला तरी. दर पंधरा दिवसांनी या.

परत येताना मी त्र्यंबकपासून घाट संपेपर्यंत धुसफुसत होतो. ‘एवढं लांब येऊन काय मिळालं? गप्प बसा म्हणे! हे काय औषध आहे? आपल्या गावात मला फुकटात कितीतरी जण गप्प बस म्हणतात.’ बायको खिडकीबाहेर बघत होती. तिकडे बघतच म्हणाली, ‘मग त्यांचं तरी कधी ऐकलंत?’

गप्प बसणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्याने एकदा स्वतःच्या पोराचा शब्द अडकलेला बघत उभं राहावं. जेवताना ती ‘भ, भ, भ’ करायला लागली की भाताचा चमचा माझ्या हातात आपोआप यायचा. बायको माझ्या मांडीला चिमटा काढायची. पहिल्या महिन्यात माझी मांडी काळीनिळी झाली होती. एकदा मी दात आवळून गप्प राहिलो आणि चेहराच असा केला की मुलगी घाबरून उठून गेली. मी गप्प होतो ना, मग अजून काय पाहिजे, म्हणून मी बायकोवरच ओरडलो. तशीच तीही माझ्यावर ओरडली. मुलगी आतल्या खोलीत बसून ऐकत होती.

घरात मला हळूहळू जमायला लागलं, बायकोला तर माझ्या कितीतरी आधी जमलं. तिच्याजवळ मुलगी दोन-चार वाक्यं जास्त बोलायलाही लागली. पण दुकानात पाऊल ठेवलं की माझा हात माझा राहत नसे. शिवाय गिऱ्हाइकं होतीच. पोरगी अडकली की चार जण चार शब्द सुचवायचे. ‘मोबाईल म्हणतेय का? मामा? मांजर?’ जणू कोडं घातलंय. मला त्यांचा असा संताप यायचा की काय सांगू! आणि मग मी स्वतःच बरणीचं झाकण उघडायचो. मनुके जात राहिले आणि फ्रॉकचे खिसे भरत राहिले.

मग होळीचा बाजार आला. आमच्याकडे होळीच्या बाजारासारखा बाजार वर्षात नाही. ठाण्याकडे कामाला गेलेली माणसं परतलेली असतात, साखरेच्या गाठी, गूळ, तेल, रंग, सगळं एकदम हवं असतं. दुकानासमोर उभं राहायला जागा नव्हती. मी आणि बायको दोघंही काउंटरवर. सगळ्यात पुढे खोडाळ्याकडच्या पाड्यावरची ती लाल साबणवाली आजी होती. माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. तिने पिशवी पुढे केली, म्हणाली, ‘सेठ, माला...’ आणि मी लाल साबणाच्या दोन वड्या तिच्या पिशवीत टाकल्यासुद्धा.

तेवढ्यात मुलगी मागच्या दाराने आली आणि काउंटरला नाक टेकवून उभी राहिली. गर्दीत ती कधी यायची नाही. ‘बाबा,’ ती म्हणाली, ‘म, म, म...’

माझा हात बरणीवर गेला. बायकोच्या दोन्ही हातांत गुळाची ढेप होती, चिमटा काढणार कोण? मी झाकण फिरवलं.

‘थांब ना सेठ,’ आजी म्हणाली. ‘पोर बोलतंय.’

मला राग आला. बाजाराच्या दिवशी मला माझ्या दुकानात शिकवणार? ‘आजी, तुझी गाडी जाईल,’ मी म्हणालो.

‘जाऊ दे. दुसरी येल.’ आणि तिने पिशवी पायाशी ठेवली आणि चक्क पायरीवर बसली. पुढचंच माणूस खाली बसल्यावर मागचे काय करणार, तेही थांबले. आजीने मुलीकडे बघितलं. हसली नाही, मान हलवली नाही, शब्द सुचवला नाही. तिला कसलीच घाई नव्हती. नाशिकच्या बाईंनी मला तीन महिने जे शिकवलं ते ही बाई न शिकता करत होती.

बाहेर हॉर्न वाजत होता. मुलीचे डोळे मिटले, मान ताठ झाली. मी झाकणावरचा हात काढला आणि तो कुठे ठेवावा हे कळेना म्हणून पाठीमागे धरला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मला तर वाटलं, आता ही वळणार आणि घरात जाणार आणि परत कधी येणार नाही.

‘म, म, मला,’ ती म्हणाली, ‘म, मनुके नाही आवडत.’

एवढं बोलून तिने फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि चिकटलेला मनुक्यांचा गोळा काउंटरवर ठेवला.

बायकोने गूळ खाली ठेवला आणि पदराने डोळे पुसले. मी त्या गोळ्याकडे बघत राहिलो. दीड वर्ष. रोज संध्याकाळी पोरगी मला हेच सांगायला येत होती, की दुसरंच काही सांगायला येत होती, आणि मी तिच्या हातावर मनुके ठेवून तिला परत पाठवत होतो. लाज वाटली, आणि हसूही आलं.

आजी पायरीवरून उठली. पिशवीत हात घालून तिने साबणाच्या दोन्ही वड्या बाहेर काढल्या आणि मनुक्यांशेजारी ठेवल्या.

‘माला बी हा साबन नाय आवडत,’ ती म्हणाली. ‘अंगाला खाज येते.’

‘अगं मग इतकी वर्षं घेतेस कशाला?’ माझा आवाज चढला. ‘नको म्हणायचं ना!’

तिकडच्या बोलीत अहो-जाहो नाही, सगळ्यांना तू. ती शांतपणे म्हणाली, ‘तू बोलू कंधी दिलास?’

मागे कुणीतरी हसलं. मुलगीही हसली, मोठ्याने. जीपवाल्याने शेवटचा हॉर्न मारला आणि गाडी निघून गेली. मी साबण फळीवर परत ठेवला, दोन्ही हात काउंटरवर सपाट ठेवले आणि आजीला विचारलं, ‘मग तुला काय हवं?’

ती शब्द शोधायला लागली. माझ्या डोळ्यांसमोर पाच वस्तू उभ्या राहिल्या, पाचही मला हाताशी दिसत होत्या. काउंटरपलीकडून मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी थांबलो.