पर्यावरणाचा तास

स्टाफरूममधून निघताना पर्यावरणाच्या सरांचा हात आपोआप पंखा बंद करायला बटणावर जायचा. आम्ही आत घामाघूम बसलेलो असलो तरी! "अहो, माणसं आहेत आत!" असं ओरडलं की परत येऊन पंखा लावायचे. "माफ करा जी, हाताले सवय पडून गेली."

आमगावच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते तासिका तत्त्वावर पर्यावरण शिकवायचे. विषय तेव्हा नवाच सक्तीचा झालेला. त्याला काय किंमत होती हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही कॉलेजात तो तास चहाचाच असेल. सर मात्र अकरावीची पोरं घेऊन नाल्यावर, बाजारात, उकिरड्यावर जायचे आणि दमून परत यायचे.

"पुस्तक आहे ना, सर," मी म्हणायचो. मी रसायनशास्त्राचा, खडूफळ्याचा माणूस.

"पुस्तकाले वास नाही येत जी."

किती वर्षं तासांवर राबले बिचारे! शेवटी संस्था त्यांना कायम करणार असं ठरलं, आणि नेमकी तेव्हाच त्यांनी पोरं राईस मिल पाहायला नेली. तीही संस्थेच्या अध्यक्षांची! मी कपाळावर हात मारला. "दुसरी मिल नव्हती का?"

"हे पायी जायच्या अंतरावर हाय. पोरायले गाडीभाडं कायले लावू?"

अध्यक्षांनी समोसे दिले. पोरांनी ते खाल्ले, मग मिलच्या मागे जाऊन भुशाची राख तळ्यात ढकलताना पाहिली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या भित्तिपत्रकावर सगळं लिहिलं. समोशांसकट.

प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. आधी ते कागद काढा, मग कायम करण्याचं बघू, म्हणाले. सर स्टाफरूममध्ये येऊन बसले.

"घरी सगळे लय खुश होते जी," ते म्हणाले. "पण पोरायनं पाहलं तेच लिहिलं. मी कसा काढू?"

कागद शेवटी शिपायाने काढले. मला सरांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगतो, तितकंच वाईटही वाटत होतं.

जूनमध्ये त्यांना बोलावणं आलं नाही. पर्यावरणाचा तास माझ्या गळ्यात पडला. पहिल्या दिवशी वर्गावर गेलो, तर बारावीत आलेली तीच पोरं उन्हासाठी डोक्याला रुमाल-दुपट्टे बांधून दाराशी उभी.

"सर, आज कुठं जायचं?"

"बसा," मी म्हटलं. "पुस्तकं काढा."

एकमेकांकडे पाहत सगळी जागेवर जाऊन बसली. दुपट्टे मात्र कोणी सोडले नाहीत.