डब्याविषयी चार चिठ्ठ्या

सायंकाळी पाचच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक वास दरवळतो, आणि तो मुळीच सुखद नसतो. सकाळी शिजवलेल्या आणि दिवसभर झाकणाखाली कोंडलेल्या सोले-वांग्याच्या भाजीचा तो वास. ओल्या तुरीच्या दाण्यांचा सकाळचा हिरवा, गोडसर सुगंध संध्याकाळपर्यंत इतका आंबट, इतका हिरमुसलेला कसा होतो, हे शाळेतून भरलेलाच परत आलेला डबा ज्यांनी उघडला आहे त्यांनाच कळेल. पोरांनो, तुमच्या आईला विचारा. परवा तीही तिकडून फोनवर हेच गाऱ्हाणे गात होती. तिने उघडलेल्या तुमच्या डब्यात भाजीच्या जागी सँडविच होते, एवढाच काय तो फरक.

तुमची मामेबहीण गार्गी यंदा सहावीत गेली. पाचवीपर्यंत ती इथे सेलूतच, आमच्या घरामागच्या लहानशा शाळेत होती. मधल्या सुट्टीत धावत यायची, ताक प्यायची, मिशा पुसायच्या आत परत पळायची. आता वर्ध्याची मोठी शाळा, सकाळची व्हॅन, सात विषयांना सात शिक्षक. सहावी लागली की मूल बदलते की त्याचे आईबाप, हा प्रश्न मला अलीकडे फार छळतो. तुमचा मामा गणिताच्या गुणांनी हैराण, मामी नव्या मैत्रिणींच्या धास्तीने व्याकूळ. पोरीने खोलीचे दार लोटले तरी दोघे त्या दाराकडे असे पाहतात, जणू पलीकडे ती त्यांच्याविरुद्ध कट रचते आहे! त्यातून पालकांचा तो मोबाइलवरचा गट. भूगोलाची वही कोणत्या रंगाच्या कव्हराची, यावर तिथे तास-तास खल चालतो. वैताग येतो नुसता.

मी मात्र शहाणी, असा माझा समज होता. मी फक्त डब्याची काळजी करत होते आणि तीही रीतसर. तीस वर्षे कार्यालयाचा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळलेली बाई मी. तक्रार असेल तर ती लिहावी, नेमकी लिहावी, सुवाच्य लिहावी, हे माझ्या हाडीमाशी खिळलेले. गार्गीच्या शाळेच्या डायरीत मी वर्गशिक्षिकेला वळणदार इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. ‘काइंडली’ने सुरुवात करून, गार्गी डबा संपवते की नाही याकडे लक्ष द्यावे, अशी विनंती. डबा भरलेलाच परत आला. दुसरी चिठ्ठी लिहिली, तीत गार्गीला स्वेटर घालायला लावावा हेही जोडले. पुन्हा तेच. तिसरीत, नीट जेवणाऱ्या मुलींशेजारी तिला बसवावे असे सुचवले. उत्तर नाही, खाली फक्त लाल शाईची सही. शाळेच्या या अनास्थेवर मी घरात किती बोलले असेन!

“आई, तुमी रोज काऊन लिहून राह्यल्या?” भाकर थापता थापता तुमची मामी म्हणाली. “मॅडमले बी कामं असतात.”

“लिहिल्याशिवाय कोणी काही करत नाही, रेखा,” मी म्हणाले, आणि चौथ्या चिठ्ठीसाठी पेन उघडून गार्गीकडे डायरी मागितली.

“शाळेतच राह्यली,” ती म्हणाली. डायरीचा निळा कोपरा दप्तरातून डोकावत होता. मी हात घातला, तशी तिने दप्तर छातीशी ओढले आणि एकदम फुटली.

“नोको लिहू, आजी! मॅडम तुह्या चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखवते. म्हणते, पाहा, असं अक्षर पाह्यजे, असं इंग्लिश पाह्यजे. आता सगळे मले काइंडलीच म्हणतात. मी डबा काढला की पूर्ण लाइन ओरडते, काइंडली फिनिश युवर टिफिन! मग मी डबा उघडतच नाई.” आणि रडत रडत, “मले त्या शाळेत जायचंच नाई.”

आता तुम्हाला खरे सांगते, कारण तुमच्याशी खोटे बोलून मला काय मिळणार? ती रडत असताना आधी क्षणभर मला आनंद झाला. माझे अक्षर वर्गात दाखवले गेले, याचा आनंद! तो क्षण सरला आणि मग जी लाज वाटली, तिला कुठल्याच पत्रात जागा नाही. डबा परत येत होता म्हणून मी चिठ्ठी लिहीत होते, आणि चिठ्ठीमुळेच तो परत येत होता. पोरगी दिवसभर उपाशी, आणि मी इकडे अक्षर वळवते आहे. घरामागची शाळा तर पाचवीलाच संपलेली. तिला परतायला जागा तरी कुठे होती?

आम्ही तिघेही तत्काळ मदतीला धावलो, आणि आमचा खरा रोग तो हाच. मामा म्हणाला, उद्याच शाळेत जातो. मामीने मोबाइल उचलला, ग्रुपवर टाकते म्हणून. माझ्या डोक्यात तर बाईंना लिहायच्या त्या चौथ्या चिठ्ठीचा मायना तयारही झाला होता.

“तुमी कोणी काईच करू नका,” गार्गी नाक पुसत म्हणाली. “फक्त उद्या डब्यात भाजी नोको. चिवडा दे. तो मुठीत घेऊन कुठं बी उभ्यानं खाता येते.”

चिवडा! वाढत्या वयाच्या मुलीने दुपारच्या जेवणाला! पोषणावरचे एक संपूर्ण भाषण मी गिळले आणि चिवडा दिला. ती व्हॅनमध्ये बसली. दिवसभर मी दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला.

संध्याकाळी डबा रिकामा होता. दोन दिवसांनी ती आपणहून ओट्याशी आली. “आजी, उद्या जास्त दे. मागच्या बाकावरची एक पोरगी मागून राह्यली.”

“तीही तुला काइंडली म्हणते?”

“म्हणतेच न. सगळ्यात जोरात तेच म्हणते. पण आता माह्याजवळ बसते.”

त्या मुलीचे नाव काय, घरचे कोण, अभ्यासात कशी, स्वभावाने कशी, असे चार प्रश्न माझ्या जिभेवर एकामागे एक येऊन उभे राहिले. गार्गी माझ्याकडे पाहत होती. ते येणार, हे तिला ठाऊक होते. मी डबा ओढला आणि चिवडा दाबून दाबून भरू लागले.