आभारानंतरचा सिनेमा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला एक इंग्रजी विनोदी संगीतपट आमच्या गावच्या वाचनालयात दाखवायचा, ही कल्पना माझी. मेहकर तालुक्यात तशी मागणी कोणी केलेली नव्हती. पण मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. न मागितलेलं देण्याची सवय जात नाही. अध्यक्षांनी अट घातली. लोक शेवटपर्यंत बसले, तर महिन्यातून एका रविवारी दुपारी हॉल मला. मधेच उठून गेले, तर भजनी मंडळाला.

प्रमुख पाहुणे आले. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन झालं. मग पाहुण्यांचं भाषण, त्यात सिनेमा सोडून सगळं आलं. शेवटी सिनेमा लागला तेव्हा प्रोजेक्टर तापला होता आणि लोक गार पडले होते.

गोष्ट साधी. टोप्यांच्या दुकानातल्या एका मुलीला लोक चुकून जमीनदाराची लेक समजतात, आणि खरा जमीनदार नोकराच्या वेषात तिच्यामागे फिरतो. मी माइकवर वऱ्हाडीत सांगत होतो. ती माणसं छत्री हरवली तरी गातात, सापडली तरी गातात. हळूहळू लोक हसायला लागले.

अर्ध्यात पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला निघायचं होतं. आभार मानल्याशिवाय पाहुण्यांना सोडायची आमच्याकडे पद्धत नाही. अध्यक्षांनी सिनेमा थांबवला. चिटणीसांनी पाहुण्यांचे, खुर्चीवाल्याचे आणि न गेलेल्या लाइटचे आभार मानले. आणि आभार झाले म्हणजे कार्यक्रम संपला, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. सगळे उठले आणि चपला शोधू लागले. पडद्यावर ती मुलगी तोंड उघडं ठेवून थांबलेली. मला टाळ ऐकू येऊ लागले.

पहिल्या रांगेतल्या निवृत्त नर्सबाई तेवढ्या हलल्या नाहीत. निम्मं गाव त्यांच्या हातून जगात आलेलं, त्यामुळे त्यांना उलट बोलायची कोणाची छाती नाही.

"आभार झाले तं होऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्या पोरीचं जमते का नाही, ते पाह्यल्याबिगर मी उठत नाही. बसा बरं सारे."

सारे बसले. पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडून आलेले अध्यक्ष दारातच खिळले. मुलीचं जमलं, अर्थात त्यावरही गाणं झालं. अटीचा विषय मी काढला नाही. पडद्यावरची नजर न हलवता अध्यक्षच म्हणाले, "सर, पुढच्या महिन्यात आभार आधीच उरकून घेऊ."

तेव्हापासून आमच्याकडे कोणी काही करण्याआधीच त्याचे आभार मानले जातात. पाहुण्यांच्या बाबतीत तरी तेच रास्त वाटतं.