पालथी परात

निघायच्या दिवशी आईनं माझ्या हातावर दही ठेवलं आणि तेवढ्यात मोरीत परात वाजली. "थांब, पाणी आलं," म्हणत ती दह्याची वाटी माझ्याच हातात कोंबून आत पळाली. दारात जीप उभी, मंचरला जाऊन एसटी गाठायची, नवरा घड्याळ बघतोय आणि आई हंडे लावतेय! दादा, म्हणजे माझे वडील, जावयाला समजावत होते, "जरा दम धरा जावईबापू. पाणी कवा जाईल नेम न्हाई." सगळं भरून झाल्यावर आई ओल्या पदरानं बाहेर आली आणि ओल्याच हातानं माझा गाल कुरवाळला. दही मी केव्हाच खाऊन टाकलं होतं.

परातीचं सांगायला हवं. अवसरी बुद्रुकला आमच्या घरात नळ होता, पण पाणी त्याच्या मर्जीनं यायचं. वीज असली तर मोटार जळालेली, मोटार दुरुस्त झाली तर पाइप फुटलेला. म्हणून आई तोटी कायम उघडी ठेवायची आणि खाली परात पालथी घालायची. पहिली धार पडली की परात ठणठणायची आणि सगळे हातातलं काम टाकून धावायचे. तव्यावरची भाकरी करपली तर करपली. भरून झालं की आई कंबर धरून भिंतीला टेकायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "तुला न्हाई असल्या घरात देणार."

बाई शब्दाची पक्की. आसपासची चांगली स्थळं तिनं पाण्यापायी नाकारली. एका घरी तर चहा प्यायच्या आधी मोरीत जाऊन नळ फिरवून आली. मग हे आफ्रिकेतल्या दार-एस-सलामचं स्थळ आलं. मुलगा कारखान्यात सुपरवायझर, राहायला फ्लॅट. आईचा प्रश्न एकच, "नळ घरात हाय ना?" तीन नळ आहेत, पावणे म्हणाले. ते खोटं नव्हतं. नळ तीनच होते, पाणी एकालाही धड नव्हतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. इकडे भारतातून आलेल्या बायकांत मी नवीन, भाषा येत नव्हती. पाण्याला 'माजी' म्हणतात, हा मी शिकलेला पहिला स्वाहिली शब्द. हातगाडीवर पिवळे डबे लादून माणूस खाली ओरडत यायचा आणि मी जिन्यावरून डबे ओढत वर आणायची. खालच्या मजल्यावरची मामा नेमा, इकडे लेकुरवाळ्या बाईला 'मामा' म्हणतात, मला बघून "पोले साना" म्हणायची, म्हणजे फार वाईट वाटतं गं. तिच्याही हातात डबाच असायचा. आईनं कणीक मळायला म्हणून बांधून दिलेली परात महिनाभरात नळाखाली पालथी पडली. कणीक मी ताटात मळायला लागले.

आईला हे सांगितलं नाही. ती गावभर सांगत होती, "माझी पोर नळ फिरवती न् पाणी पडतं. लई सुखात हाय." उभ्या आयुष्यात तिनं हट्टानं मिळवलेली ही एकच गोष्ट. ती मी कोणत्या तोंडानं काढून घेणार? तिचा फोन आला की आधी परात उचलून ठेवायची, तोटी बंद करायची आणि मगच निवांत असल्यासारखं बोलायचं. थकून जायचे मी. पाणी भरण्यापेक्षा हे लपवणंच जड व्हायचं.

काही वर्षं हे निभावलं. मग एका रविवारी दुपारी फोन वाजला, मी धाकट्या लेकीला जेवू घालत होते, परातीचं लक्षातच राहिलं नाही. आई मावशीच्या घरच्या लग्नाचं रंगवून सांगत होती आणि माझ्या मागे परात ठणठणली.

आई बोलता बोलता थांबली.

"शेजारी काहीतरी पडलं गं," मी म्हणाले.

"माझी परात हाय ती," आई म्हणाली. "मला वळखू येती." मग म्हणाली, "फोन ठेव. आदी पाणी भर, जाईल."

भरताना मला रडू आवरेना. सगळं भरून मी भिंतीला टेकले आणि तिला फोन लावला. ती दुखावली असेल, नशिबाला बोल लावेल, काय काय मनात आलं. तिनं विचारलं, "भरलं का समदं?" भरलं म्हटलं. "भरलेला डबा वडू नको. रिकामा जाग्यावर ठेव न् तांब्यातांब्यानं भर. कंबर जप गं बाई." नळाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. पुढं माहेरी गेले तेव्हा कळलं, गावात तिनं ते सुखाचं सांगणं बंद केलं होतं.

तेव्हापासून आमच्यात एक रीत पडलीय. बोलताना जिची परात वाजेल तिनं निरोप न घेता धावायचं. मी फोन ठेवून धावते. आई मात्र रिसीव्हर तसाच फळीवर टाकून पळते आणि मी कान लावून बसते. परात बाजूला सरकल्याचं कळतं, हंडा लागल्याचं कळतं. हंडा भरत आला की धारेचा आवाज बारीक होत जातो. तेवढा वेळ मी घरी असते.