आईचा डावा हात

रोज सकाळी चहाच्या आधी मी आईच्या डाव्या मनगटाला कान लावायचो. कुणी पाहिलं असतं तर मायलेकांच्या प्रेमाने डोळे पुसले असते. प्रेमाबिमाचा प्रश्न नव्हता. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं मशीन तिचं रक्त बाहेर घेऊन, धुऊन परत आत सोडायचं. त्यासाठी डॉक्टरांनी त्या मनगटापाशी एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडून दिली होती. त्या जोडाला फिस्टुला म्हणतात. तो चालू असला की आवाज येतो.

शाळेत मी हृदयाची आकृती लाल-निळ्या पेन्सिलींनी काढायचो. लाल धमन्यांतून रक्त हृदयाच्या धक्क्यासरशी जोरात निघतं. मग केसाहून बारीक वाहिन्यांतून वाट काढता काढता तो जोर संपतो, आणि निळ्या शिरांतून ते सावकाश घरी येतं. मशीनला सावकाश चालत नाही. म्हणून धमनीतला जोर मधल्यामध्येच शिरेत सोडायचा. काही महिन्यांत ती शीर फुगून जाडजूड होते, तिच्यात दोन सुया बसतात. एकीतून रक्त जातं, दुसरीतून परत येतं. आणि जोडापाशी रक्त घुसताना बारीक गुरगुर होते, मांडीवर मांजर झोपल्यासारखी. ती ऐकली की मी चहा पिऊन नागपुरातल्या मिहानमधल्या ऑफिसला निघायचो.

तो हात जपावा लागायचा. त्याच्यावर ब्लडप्रेशरचा पट्टा नाही, त्याची उशी नाही, घड्याळ नाही, बांगडी नाही. हात दाबला की रक्त अडतं आणि अडलेलं रक्त गोठतं. मीठ सुटलं, फळं सुटली, पाणीसुद्धा घोटाघोटाने आलं, आईने हूं की चूं केलं नाही. बांगडीचं मात्र तिला लागलं. दोन्ही हातांच्या बांगड्या ती उजव्या हातात घालायची आणि चारचौघांत डावा हात पदराखाली ठेवायची.

गेल्या उन्हाळ्यात भिवापूरला मावशीच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या दिवशी कासारीण आली. बायकांच्या खोलीत काय झालं ते मला नंतर कळलं. मावशी म्हणाली, "भाऊजी आहेत न् हात रिकामा? लोक काय म्हणतीन वं?" मावशी वाईट बाई नाही. आईसाठी तिने उपास धरले होते. आईनेही फार आढेवेढे घेतले नसावेत. खरं सांगायचं तर तिला त्या बांगड्या हव्याच होत्या, आणि याचाच मला अजून राग येतो. त्या सुजऱ्या हातात कासारणीने डझनभर हिरव्या बांगड्या चांगल्या घट्ट भरल्या.

लग्नाच्या सकाळी मी नेहमीसारखा कान लावायला गेलो तेव्हा त्या दिसल्या. बाहेर स्पीकरवर सनई चालू होती, म्हणून आधी खिडकी लावली. मग स्पीकर बंद करायला लावला. मग दुसरा कान लावला. बोटं ठेवली. काहीच नव्हतं.

साबण लावला, तेल लावलं. हात रात्रीतून आणखी सुजला होता, बांगडी हलेना. मी म्हणालो, फोडा. खोलीतल्या बायका मागे सरकल्या. आईने हात छातीशी धरला. "तुह्ये बाबा जिते आहेत गा," ती म्हणाली. आमच्याकडे बाईच्या बांगड्या फोडतात ते एकदाच, नवरा गेल्यावर. मी ओरडलो. धमनी, शीर, गुठळी, जे जे मला माहीत होतं ते सगळं मी त्या खोलीत ओरडून सांगितलं. ती फक्त मान हलवत राहिली.

शेवटी कुणीतरी बाबांना बोलावून आणलं. ते तिच्यासमोर बसले. तिचा हात टॉवेलवर ठेवला, पानाच्या तबकातला अडकित्ता मागितला आणि एकेक बांगडी त्यात धरून कचकन फोडली. आईने डोळे मिटले होते. "मी आहो ना इथंच," बाबा म्हणाले. "तू राह्य म्हणजे झालं."

मंगलाष्टकांच्या आधीच आम्ही नागपूरला निघालो. मागच्या सीटवर बाबा सबंध रस्ताभर त्या मनगटावर बोटं ठेवून होते, जणू त्यांच्या बोटांखाली ती गुरगुर पुन्हा सुरू होणार होती. डॉक्टरांनी गुठळी काढायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तात्पुरती गळ्यापाशी नळी घातली आणि सांगितलं, आता जोड उजव्या हाताला करावा लागेल. मी ऑफिसात माणसांना कामं सांगतो, ती होतात. डॉक्टरांसमोर मी फक्त बरं म्हणालो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी आई पलंगावर बसली आणि उजव्या हाताला तेल लावू लागली. मी उठलो, तर तिने हाताने थांबवलं. या बांगड्या तिला फोडू द्यायच्या नव्हत्या.

"अजी, तुम्ही समोर बसा," ती बाबांना म्हणाली. "उठू नका मंग."

बाबा खुर्ची ओढून समोर बसले. त्यांच्याकडे पाहत पाहत तिने एकेक बांगडी उतरवली आणि त्यांच्या ओंजळीत ठेवली. शेवटची निघाली तरी ती त्यांच्याकडेच बघत होती. बाबा तसेच, ओंजळ धरून, बसून राहिले.