ड्रॉवरमागची सही

सौदीत जुबैलला भावाकडे गेलो असताना एका गॅरेजमध्ये मला तो सुतार भेटला. रत्नागिरीकडचा, साठीचा. आलिशान कॅरवॅनचं, म्हणजे चाकांवरच्या घरांचं, लाकूडकाम करायचा. नाव विचारायचं राहिलंच. मी चाचाच म्हणत होतो.

कॅरवॅनमध्ये शिरला की आधी तो प्रत्येक फळीवर बोटाने टकटक करी. त्या दिवशीही टकटक करून झाल्यावर त्याने एक ड्रॉवर उपसला.

"ही जुनी गाडी. ड्रॉवरच्या मागे बनवणाऱ्याची पेन्सिलीची सही बघ. आणि ती शेजारची गाडी, कंपनी विकली गेल्यानंतरची."

शेजारच्या नव्या गाडीत सहीच्या जागी बारकोड होता. भुशाची फळी, स्टेपल मारलेले सांधे. पहिल्याच वाळवंटी सहलीत ड्रॉवरचा तळ सुटलेला. मी भडकलो. नाव विकत घ्यायचं, कारागीर हाकलायचे आणि तेच नाव चढ्या भावाने विकायचं? ही सरळ लूट आहे! यावर आमच्या संघटनेचं पत्रक काढलंच पाहिजे!

"काढ की. पण आधी हे टोक धर. गिऱ्हाईक दुपारी पोरांना घेऊन निघणार. शेठ म्हणतो, जमत नसेल तर नवं कपाट मागवू. नवंच मागवायचं तर मला कशाला ठेवील?"

मी धरलं. त्याने खाचा पाडून चांगल्या लाकडाचा तळ बसवला. ड्रॉवर तीनदा उघडझाक केला, खुशीत हसला आणि मागे सही केली.

"हे बघणार कोण, चाचा?"

"पुढचा सुतार." त्याने पेन्सिल माझ्यापुढे धरली. "तूही कर. टोक तू धरलंस ना?"

माझ्या सगळ्या पत्रकांखाली संघटनेचं नाव असतं. माझं स्वतःचं नाव त्या ड्रॉवरमागे आहे.